परभणीचा उरूस ते नायट्रो: आपल्याकडं रोलर कोस्टरचं वेड आणखी कुणाला आहे?

उरूसपाळणा (परभणी)

वर्षभर मनात असलेला धागा आज काढतोय. आपल्याकडं पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, भरतीच्या परीक्षा, सगळ्यावर चर्चा होते. राइड या विषयावर मात्र कुणी चार ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत. मला लहानपणापासून याचंच वेड, म्हणून मीच सुरुवात करतो.

माझी सुरुवात उरुसातली. हजरत तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. मी दुसरीत असेन. अण्णांनी आकाशपाळण्यात बसवलं. आमची पेटी वरच्या टोकाला थांबली. खाली बल्बच्या माळा, भज्यांच्या कढया, बांगड्यांची दुकानं, माणसंच माणसं. मग पाळणा सुटला, पलीकडं झुकला आणि पोटात जो खड्डा पडला तो अजून तसाच्या तसा आठवतो. समोरच्या पोरानं डोळे गच्च मिटले होते. मी खाली उतरल्याबरोबर अण्णांना म्हणालो, "पुन्हा." त्या रात्री तीनदा बसलो.

तो खड्डा नेमका कशामुळं पडतो, हे समजून घेण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. आणि खरा रोलर कोस्टर मिळाला तो नोकरी लागल्यावर, खोपोलीला. इमॅजिका हे मनोरंजन पार्क २०१३ साली उघडलं. तिथली नायट्रो ही स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबियार कंपनीनं बनवलेली आहे. उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि डोकं खाली पाय वर असे पाच पलटे. गाडीला तळ नाही. स्टेशनात सगळे बसले, खांद्यावरून धरून ठेवणारे हार्नेस लागले की पायाखालची जमीन खाली सरकते आणि पाय मोकळे लोंबतात. मग साखळी गाडीला वर ओढायला लागते. सगळे ओरडतात ते पुढं, या चढावर माणसं एकदम गप्प होतात. मला राइडमधला हा चढच सगळ्यांत जास्त आवडतो.

पहिल्यांदा गेलो तो पावसाळ्यातला मधला वार होता, रांग नव्हती. सात वेळा बसलो. पहिल्या रांगेत दोनदा, मधे एकदा, शेवटच्या रांगेत चारदा. शेवटच्या रांगेत चारदा का, ते पुढं कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

माझ्याकडं एक वही आहे. राइडचं नाव, कितवी रांग, सकाळ की दुपार, ऊन की पाऊस, आणि उतरल्यावर काय वाटलं, हे लिहून ठेवतो. बाहेरदेशातले शौकीन बसलेल्या प्रत्येक कोस्टरचा हिशेब ठेवतात, त्याला ते क्रेडिट म्हणतात. माझ्या वहीत उरुसातला पाळणाही आहे, पहिल्याच पानावर.

तुम्ही कुठं बसलात, काय आवडलं, काय प्रश्न पडले, लिहा.

गोदातीर (नांदेड)

दादा, कधीची वाट बघायलो होतो असल्या धाग्याची!

आम्हा नांदेडच्या पोरांना खोपोलीपेक्षा हैदराबाद जवळ. मागच्या महिन्यात चौघं मित्र तिथल्या वंडरला पार्कात जाऊन आलो. तिथं रिकॉइल म्हणून कोस्टर आहे. गाडी आधी उलटी, पाठीकडं वर ओढत नेतात. तोंड जमिनीकडं, स्टेशन खाली बारीक दिसायलंय, आणि एकदम सोडतात. स्टेशनातून सुसाट निघून तीन पलटे घेती, समोरच्या चढावर जाऊन थांबती. मला वाटलं झालं. तर तीच गाडी त्याच रुळावरून उलटी परत! जाताना पुढचं दिसतं तरी, येताना काहीच कळत नाही. माझा मित्र उतरल्यावर पाच मिनिटं बोलला नाही, मग म्हणला, चल अजून एकदा.

एक विचारायचंय. तिथला लूप, म्हणजे गाडी उलटी होऊन फिरती ती उभी चक्कर, गोल नाही, वरून निमुळता आहे, पाण्याच्या थेंबासारखा. असा कामून करतात? सर्कशीतला तर गोल असतो.

अंबाजोगाईचे मास्तर

गोदातीर, प्रश्न फार चांगला विचारलात. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी हाच प्रश्न फळ्यावर सोडवून घेतला.

समजा लूप अगदी गोल आहे. वरच्या टोकाला गाडी रुळाला चिकटून राहायची तर तिथं ठरावीक वेग हवाच. तेवढा वेग वर शिल्लक राहायचा म्हणजे खाली शिरताना तो कितीतरी जास्त पाहिजे, कारण चढताना वेग घटत जातो. हिशेब केला तर गोल लूपच्या तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या किमान सहापट भार येतो. पन्नास किलोच्या मुलीला क्षणभर तीनशे किलोची झाल्यासारखं वाटेल. आणि हा भार हळूहळू येत नाही. सरळ रुळावरून वर्तुळात शिरल्याबरोबर धाडकन येतो.

१८९५ साली अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाची अशीच गोल चक्कर बांधली होती. लोकांच्या माना दुखायच्या. फार वर्षं ती टिकली नाही. नीट उत्तर मिळालं ते १९७६ साली, कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरवर. जर्मनीचे बांधणारे अँटोन श्वार्त्सकोप्फ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी खाली मोठी त्रिज्या आणि वर लहान त्रिज्या असा लूप केला. खाली वेग जास्त असतो तिथं वळण सैल, वर वेग कमी होतो तिथं वळण घट्ट. त्यामुळं भार कुठंच अंगावर आदळत नाही. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. तुम्हाला दिसलेला थेंब तो हाच.

धागाकर्त्यांनी पोटातल्या खड्ड्याबद्दल लिहिलंय. आपण आपलं वजन जे अनुभवतो ते खरं तर खुर्चीनं आपल्याला वर ढकललेलं असतं. पाळणा वरच्या टोकावरून वळतो तेव्हा खुर्ची आपल्याला कमी ढकलते. पोटातले अवयवही त्या क्षणी हलके होतात. शरीराला ही सवय नसते, म्हणून तो खड्डा जाणवतो.

मांजराकाठ (लातूर)

सर, इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला या सगळ्याची भयंकर आवड. सिद्धेश्वराच्या यात्रेत महाशिवरात्रीला तिला ड्रॅगन ट्रेनमध्ये बसायचंच असतं, आणि पुढच्याच डब्यात. घरातली मोठी माणसं म्हणतात, मुलीच्या जातीला कशाला असले नाद. मी तिला नेतेच. मी लहान असताना मला कुणी बसू दिलं नव्हतं.

पण भीती वाटते, ती उंचीची नाही. तीन वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत आम्ही दोघी कोलंबसच्या नावेत बसलो. पुढचा दांडा खाली घेतला तर त्याची कडी जागेवर नव्हती, दांडा सुतळीनं बांधलेला. मी तिथल्या तिथं मुलीला घेऊन उतरले. पैसे परत मागितले नाहीत. राइड मात्र तशीच सुरू झाली, त्या बाकावर दुसरी मुलं बसली. घरी येऊन रात्रभर वाटत राहिलं की मी ओरडून थांबवायला पाहिजे होतं.

तर प्रश्न असा, जत्रेतली राइड बघून ती धड आहे की नाही हे आपल्यासारख्यानं कसं ओळखायचं? आणि दुसरा, माझ्या मुलीचा: ड्रॅगन ट्रेन रोलर कोस्टरमध्ये धरतात का? तिलाही वही करायची आहे.

कयाधू (हिंगोली)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. माझे मामा बावीस वर्षं पाळणेवाल्यांकडं फिटर होते. दसऱ्याला हिंगोली, मार्गशीर्षात माळेगाव, फेब्रुवारीत परभणीचा उरूस, महाशिवरात्रीला औंढा नाहीतर लातूर, असं त्यांचं वर्ष जायचं. सुट्टीत मी त्यांच्यासोबत राहायचो.

लोक राइड फिरताना बघतात. मी उभी राहताना बघितली आहे. ट्रकातून लोखंड उतरतं. पहिलं काम जागेचं. आपली काळी जमीन सुकल्यावर दगडासारखी लागती आणि पाऊस पडला की फुगती, लोण्यासारखी होती. म्हणून पायाखाली आडवे लाकडी ठोकळे टाकतात, भार पसरला पाहिजे. मामा गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारी पायांची पातळी काढायचे. एक पाय दोन बोटं खाली असला तरी उठवून पुन्हा ठोकळा भरायचे. दसऱ्यात एखादा अवकाळी पाऊस झाला तर सकाळी उठून परत सगळी पातळी. मालक म्हणायचा गिऱ्हाईक उभं आहे, मामा म्हणायचे उभं राहू दे.

मग पिना. प्रत्येक जोडात बोल्ट, आणि बोल्ट निसटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन. मामांच्या खिशात पिना मोजून असायच्या. रात्री उघडल्या तेवढ्या सकाळी लागल्या का, हा हिशेब ते तोंडी ठेवायचे.

आता ताई, तुम्ही काय बघायचं:

पायाखालचे ठोकळे बघा. विटा, दगड, फरशीचे तुकडे भरलेले असले तर बसू नका. भरणारा माणूस कसा भरतो ते बघा. आकाशपाळण्यात चांगला माणूस एका बाजूच्या पेट्या सलग भरत नाही. एक इकडची, मग बरोबर समोरची, असा तोल धरत जातो. गिऱ्हाईक रागावतं, आमचा नंबर आधी म्हणतं, पण तो ऐकत नाही. तो माणूस जाणकार आहे. रिकामी राइड एक फेरी फिरताना उभं राहून ऐका. दर फेरीला ठरावीक जागी खट्ट वाजत असेल तर तिथं काहीतरी सैल आहे. दांडा लावल्यावर चालवणारा स्वतः हातानं ओढून बघतो का? सगळ्यांत महत्त्वाचं, ओढणी आणि मोकळे केस. ब्रेक डान्स, टोरा टोरा, मेरी-गो-राउंड, कशातही बसा, ओढणी घरी किंवा पिशवीत. मामा पोरींना वेणी घालून यायला सांगायचे, आणि ऐकलं नाही तर बसवायचे नाहीत.

सुतळी दिसली की उतरलात, ते बरोबर केलंत. पुढच्या वेळी चालवणाऱ्याला सांगा आणि जत्रेतल्या पोलीस चौकीतही सांगा. बाईमाणसानं तिथं जाऊन सांगितलं की ऐकतात, मी बघितलंय.

जुना लाकडी पाळणा तर मोटारीशिवाय फिरायचा. दोन माणसं आऱ्यांवर चढून वरच्या बाजूनं लोंबकळायची आणि त्यांच्या वजनानं चाक फिरायचं. मामांचे वडील ते काम करायचे.

उरूसपाळणा (परभणी)

कयाधू, तुमची ही पोस्ट मी वहीत उतरवून घेतली. इतकी वर्षं पाळण्यात बसतोय आणि ठोकळ्यांकडं कधी बघितलं नव्हतं.

मांजराकाठ ताई, आता तुमच्या मुलीचा प्रश्न. शौकिनांत यावर खूप वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे. ड्रॅगन ट्रेनला फेरीभर मोटार ओढत असते. चढावर मोटार, उतारावर मोटार, वळणावरही मोटार. खरा रोलर कोस्टर मोटारीवर फक्त वर जातो, आणि नंतरचा सगळा प्रवास त्या एका चढाच्या कमाईवर करतो. म्हणून ड्रॅगन ट्रेनला वहीत वेगळं पान करायचं, "मोटारीवरच्या" असं शीर्षक देऊन. पण पान करायचंच. रुळावरून गाडी डोंगरदऱ्यांसारखी पळते हे पहिल्यांदा त्यातूनच कळतं.

तिला हेही सांगा की या सगळ्याची सुरुवात बर्फावर झाली. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लाकडी सांगाड्यावर बर्फ जमवून घसरगुंड्या करत. पुढं पॅरिसला १८१७ साली चाकांच्या गाड्या आल्या आणि त्यांना नावच "रशियन डोंगर" पडलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कोळसा उतरवायला डोंगरावरून रूळ टाकले होते. खाणीचं काम कमी झाल्यावर लोक पैसे देऊन त्या कोळशाच्या गाड्यांत बसायला लागले. मग १८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी कोनी आयलंडला स्विचबॅक रेल्वे बांधली. तिकीट ५ सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत, सायकलपेक्षा हळू. तरी लोकांच्या रांगा लागल्या.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा माणूस जॉन मिलर. आज कोस्टरच्या चाकांकडं नीट बघितलं तर तीन जोड्या दिसतात. एक रुळावर, एक बाजूनं, आणि एक रुळाच्या खालून. ही खालची जोडी मिलर यांची, १९१९ सालची. ती नव्हती तेव्हा उतार फार तीव्र करता यायचा नाही, कारण टेकाडावर गाडी रूळ सोडून उडाली असती. खालून चाक धरून ठेवायला लागल्यावर गाडीला टेकाडावरून भिरकावता यायला लागलं. चढताना जी टक टक टक ऐकू येते ती साखळीलगतच्या खटक्यांची. साखळी तुटली तरी गाडी मागं घरंगळू नये म्हणून. मी चढावर ते टकटक मोजतो.

आणि शेवटची रांग. कुणी विचारलं नाही, पण सांगायचा मोह आवरत नाही! गाडीचे सगळे डबे एकमेकांना बांधलेले, त्यामुळं सगळ्यांचा वेग एकच. पहिला डबा टेकाडाच्या माथ्यावर येतो तेव्हा गाडी सावकाश असते. तो उताराला लागतो, मागचे अजून चढावर. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्यांनी वेग घेतलेला असतो, आणि ते शेवटच्याला माथ्यावरून हिसका मारून खेचतात. तिथं खुर्चीवरून उचलल्यासारखं होतं. मास्तरांनी सांगितलेला खड्डा तिथं सगळ्यांत मोठा. पहिल्या रांगेत नजारा मिळतो, वारा मिळतो. राइड मिळते ती शेवटच्या रांगेत.

पूर्णा जंक्शन

मी रेल्वेतून निवृत्त झालो, गार्ड होतो. नातवानं हा धागा दाखवला. रोलर कोस्टरमध्ये कधी बसलो नाही, पण वाचताना सारखं आमचंच काम आठवत राहिलं, म्हणून लिहितो.

मास्तर, तुम्ही क्लोथॉइड म्हणालात. रेल्वेत सरळ रुळावरून एकदम वळणात गाडी घालत नाहीत. मधे एक भाग असतो, त्यात वळण थोडं थोडं वाढत जातं. त्याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात. तो नीट नसेल तर प्रवासी एका अंगाला फेकला जातो, आणि गार्डच्या डब्यात उभ्या माणसाला ते सगळ्यात आधी कळतं. म्हणजे तुमचा थेंब आणि आमचं वळण एकाच कुळातले.

उरूसपाळणा, एक सांगा. एका रुळावर दोन-तीन गाड्या सोडतात असं नातू म्हणतो. एक थांबली तर मागची तिच्यावर येत नाही का?

उरूसपाळणा (परभणी)

काका, तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ब्लॉक! कोस्टरचा रूळ तुमच्या सेक्शनसारखाच ब्लॉकमध्ये वाटलेला असतो. एका ब्लॉकात एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची सोडत नाहीत, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवायची सोय असते. ब्रेक नाहीतर साखळी. म्हणून कधी कधी गाडी चढावर मधेच थांबते. लोक घाबरतात, व्हिडिओ काढतात, बातम्या होतात, "हवेत अडकले". खरं तर तेव्हा यंत्रणेनं आपलं काम चोख केलेलं असतं. पुढचा सिग्नल लाल होता, गाडी थांबली.

ब्रेकचंही सांगतो. नव्या राइडवर चुंबकाचे ब्रेक असतात. गाडीच्या तळाशी धातूची पट्टी, रुळावर चुंबकांची रांग. पट्टी वेगानं चुंबकांमधून गेली की तिच्यातच वीज फिरायला लागते आणि ती गाडीला मागं खेचते. घासणारं काही नाही आणि बाहेरून वीजही लागत नाही. लाईट गेली तरी गाडीचा वेग उतरणारच.

पूर्णा जंक्शन

समजलं. आता डोळ्यांसमोर आलं सगळं. पाऊण रात्र लाल सिग्नलला उभं राहिल्यावर प्रवासी आमच्यावर चिडायचे, त्यांना मी हेच सांगायचो.

बिंदुसरा (बीड, सध्या पुणे)

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका.

शाळेची सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेली होती. ते १९८९ साली सुरू झालेलं, आता बंद आहे. सहलीचे पैसे भरायला वडिलांनी उसने घेतले होते हे मला नंतर कळलं. त्या दिवशी खूप मजा आली. पण आजही अशा पार्कात गेलो की तिकिटाचा आकडा बघून आधी ते उसने पैसे आठवतात. दोन मिनिटांच्या राइडसाठी आपल्या भागातल्या कुटुंबानं पाचशे किलोमीटर जायचं, राहायचं, खायचं. त्यापेक्षा जत्रेतला पाळणा आपला वाटतो. थोड्या पैशांत सगळं घर बसतं. जगात सगळ्यात उंच कोणता, सगळ्यात वेगवान कोणता, ही जी स्पर्धा चालते तिच्याशी आपला काय संबंध?

उरूसपाळणा (परभणी)

राग कशाचा. तुम्ही लिहिलंत ते माझ्याही घरात घडलेलं आहे. मी नोकरी लागेपर्यंत थांबलो ते त्याच कारणानं.

उंचीच्या स्पर्धेबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीला किंगडा का नावाचा कोस्टर २००५ साली उघडला. ४५६ फूट उंच, ताशी २०६ किलोमीटर, तेव्हा जगात सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान. एक उंच मनोरा, वर जायचं, खाली यायचं, अर्ध्या मिनिटात संपलं. २०२४ मध्ये तो बंद केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. आणि कोनी आयलंडचा सायक्लोन? लाकडी सांगाडा, १९२७ सालचा, उंची फक्त ८५ फूट. अजून चालतो. पेनसिल्व्हेनियातला लीप द डिप्स तर १९०२ सालचा. लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथं जात आले.

वेगासाठी उंची किती महाग पडते तेही बघा. घर्षण सोडून दिलं तर २० मीटरवरून उतरल्यावर ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग येतो. दुप्पट, म्हणजे १४०, हवा असेल तर उंची चौपट, ८० मीटर लागते. एवढं लोखंड वाढवून माणसाला मिळतं काय, तर जोराचा वारा. मला कोस्टर आवडतो तो त्याच्या चालीसाठी. एक उतार संपता संपता वळण यावं, वळणातून उठताना हलकं वाटावं, मग पुन्हा खाली दाबलं जावं, आणि शेवटापर्यंत गाडीचा श्वास सुटू नये. चांगल्या पखवाजाच्या साथीत सम बरोबर जागेवर येते ना, तसं. हे शंभर फुटांतही साधतं.

जत्रेतला पाळणा आपला, यात शंका नाही. पण बिंदुसरा, पाळण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. कोस्टरमध्ये कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की या माणसाला आता काय वाटलं पाहिजे, आणि दीड सेकंदानं काय. आपल्या भागातल्या पोरांनी आयुष्यात एकदा तरी ते अनुभवावं असं मला फार वाटतं. त्यातला एखादा पोरगा किंवा पोरगी पुढं हे बनवायला शिकेल.

बिंदुसरा (बीड, सध्या पुणे)

"कुणीतरी बसून ठरवलेलं असतं" हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वडील बीडला आहेत, सत्तरीचे. त्यांना विचारतो, येता का खोपोलीला. बसणार नाहीत, पण खाली उभं राहून मला बघतील.

गोदातीर (नांदेड)

मास्तर, अजून एक. आम्ही चौघं सकाळी बसलो तेव्हा रिकॉइल जरा सावकाश वाटली. दुपारी गर्दीत पुन्हा बसलो तर जास्त जोरात. माझा भास का खरंच?

अंबाजोगाईचे मास्तर

भास नाही. सकाळी चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस गार, घट्ट असतं. चार-पाच फेऱ्या झाल्या, ऊन चढलं की ते सैल होतं, घर्षण कमी होतं. दुसरं कारण गर्दी. पुस्तकातल्या सूत्रात वजन कुठंच येत नाही, जड आणि हलकी गाडी सारख्याच वेगानं उतरते. पण सूत्रात हवा धरलेली नसते. भरलेली गाडी जड, तिला हवेचा अडथळा तितकासा जाणवत नाही, म्हणून ती रिकाम्या गाडीपेक्षा वेग जास्त टिकवते. सकाळी तुमची गाडी अर्धी रिकामी होती का?

गोदातीर (नांदेड)

हाव सर! आम्ही चौघं आणि एक जोडपं, बस्स.

मांजराकाठ (लातूर)

महाशिवरात्र झाली. आम्ही सिद्धेश्वराच्या यात्रेत जाऊन आलो, म्हणून पुन्हा लिहिते.

दर्शन झाल्यावर मुलगी आधी राइडच्या खाली वाकून ठोकळे बघायला लागली. चालवणाऱ्या दादांना वाटलं हिचं काही पडलं. तिनं विचारलं, "दादा, पातळी कुणी काढली?" ते हसले नाहीत. हातातलं काम ठेवून त्यांनी तिला सगळं फिरून दाखवलं, पिना दाखवल्या, मोटार दाखवली. आकाशपाळणा भरताना ते खरंच समोरासमोर पेट्या भरत होते. मग आम्ही तिघी बसलो, मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा. वरच्या टोकाला पाळणा थांबला तेव्हा त्यांनी मंदिराच्या कळसाकडं बघून हात जोडले आणि मला म्हणाल्या, "अगं, हे इथून एवढं जवळ दिसतंय." उतरल्यावर म्हणाल्या, पुढच्या वर्षी मोठ्या नणंदेलाही आणू.

ड्रॅगन ट्रेन "मोटारीवरच्या" पानावर गेली आहे. आता तिला पहिलं खरं क्रेडिट पाहिजे.

कयाधू (हिंगोली)

ताई, ही पोस्ट मामांना वाचून दाखवली. मामा आता थकलेत, ऐकू कमी येतं. "पातळी कुणी काढली" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

उरूसपाळणा (परभणी)

ताई, मग चला हैदराबादला. परीक्षा संपल्यावर, मधल्या वारी. शनिवार-रविवार टाळू. तुम्ही लातूरहून बीदरमार्गे गाडीनं या, आम्ही अजिंठा एक्सप्रेसनं येऊ. रिकॉइलला उंचीची अट असते, ती आधी बघून घ्या. मुलगी बसत नसेल तर तिच्या मापाची लहान कोस्टर शोधू, क्रेडिट तेही तेवढंच खरं. उंचीची अट मोडून कुणी कितीही आग्रह केला तरी बसवायचं नाही, हार्नेस त्या मापाच्या अंगासाठीच केलेला असतो. चष्मे, मोबाईल, सुटी चिल्लर लॉकरला. जेवण राइडच्या आधी नको, नंतर. बसल्यावर डोकं मागच्या उशीला टेकवून ठेवायचं, मान मोकळी सोडली की दुखते.

गोदातीर, तुम्ही नांदेडला चढा. मास्तर, तुम्ही येणार?

अंबाजोगाईचे मास्तर

येतो. मला बसायचं नाही, खाली उभं राहून घड्याळ लावायचं आहे. तीस वर्षं फळ्यावर केलेलं गणित एकदा ताडून बघायचं आहे.

पूर्णा जंक्शन

डॉक्टरांना भेटून आलो. बीपी, हृदय, मणका सगळं तपासलं, बसायला हरकत नाही म्हणाले. बायको म्हणते या वयात काय हे, पण डबा तीच करून देणार आहे, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांना पुरेल एवढी.

पूर्णेला गाडी लागेल तेव्हा मी फलाटावर असेन. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो, तिथंही शेवटची रांग माझ्यासाठी धरून ठेवा.

उरूसपाळणा (परभणी)

धरली, काका. शेजारी मी.